रॅकखालचा चहा

तारीख नऊ, सोमवार, सकाळचे अकरा. जागा: कटंगी रस्त्यावरचं आमचं गोदाम, नवी शेड क्रमांक दोन. उपस्थित: शेठजी, म्हणजे मालक, नागपूरचे ढोके, ज्यांच्या माणसांनी शेडमधले रॅक उभे केले ते, शकुनबाई, माल काढणाऱ्या अकरा जणींच्या मुकादम, आणि मी, कार्यालय सांभाळणारी आणि हे टिपण लिहिणारी. अनुपस्थित: मेश्रामजी, गोदामप्रमुख, मागच्या वर्षी निवृत्त.

निवृत्त माणसाला अनुपस्थित लिहायचं नसतं हे मला माहीत आहे. पण रॅक ताब्यात घेण्याच्या कागदावर त्यांचं नाव कुठेच नाही, असं टिपण मला लिहिता येईना.

विषय एकच होता. रॅक उभे झाले, जुन्या शेडमधले पंप आणि मोटारी वर चढवून दोन दिवस ठेवून पाहिल्या, आता ताबापत्रावर सही करायची. पहिल्या शेडच्या वेळची सही मेश्रामजींची होती. या वेळची माझी. शनिवारी मालाचे ट्रक येणार, म्हणून शेठजींना सही आजच हवी होती. सहीआधी करायच्या दहा गोष्टींची यादी माझ्या हातात होती. नऊ कलमं माझी आहेत. दहावं मेश्रामजींचं आहे, आणि ते एका शब्दाचं आहे. तो शब्द परक्या माणसाला कळायचा नाही, म्हणून आधी मेश्रामजींविषयी लिहिते.

मेश्रामजी आमच्याकडे लागले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. उंच, किंचित वाकलेले, बाह्या नेहमी कोपरापर्यंत दुमडलेल्या. बाकीच्यांच्या शर्टाच्या खिशात पेन असतं, त्यांच्या खिशात ओळंबा असे. खांब सरळ उभा आहे का ते बघायचा, पितळी, लिंबाएवढा, दोरी गुंडाळलेला. त्याच्या वजनानं खिसा लोंबायचा, म्हणून त्यांच्या बायकोनं सगळ्या शर्टांच्या त्या एका खिशाला आतून दुहेरी कापड लावलं होतं. पेन ते माझ्याकडून घेत आणि परत देत. आमच्या कार्यालयात पेन परत देणारे ते एकटेच.

गोदामात सगळा कारभार हिंदीत. माझ्याशी मात्र ते मराठी बोलत. त्यांचे आजोबा भंडाऱ्याकडून जबलपूरला आले, माझे अमरावतीकडून, त्यामुळे आमच्या दोघांच्याही घरातली मराठी आता इथलीच झाली आहे. माझ्या मुलीला मराठी समजते, पण ती उत्तर हिंदीत देते. मेश्रामजी तिच्याशी मराठीतच बोलत आणि मराठी उत्तर येईपर्यंत शांतपणे तिच्याकडे बघत उभे राहत. एकदा असे चार मिनिटं उभे होते. शेवटी ती "बरी आहे" म्हणाली.

कशाखाली उभं राहण्याआधी वर पाहायचं, ही त्यांची सवय. लग्नात जेवायला गेले की आधी मांडवाचे खांब बघणार, ओळंबा सोडणार, आणि मग जागा निवडणार. त्यांच्या घरचे लोक त्यांच्या मागून जाऊन बसत, कारण पहिल्यांदा बसलेल्या जागेवरून दोनदा उठावं लागल्याचा अनुभव होता. बड्या फुहाऱ्याच्या बाजारात साड्या घ्यायला गेले असताना त्यांनी दुकानदाराला वरच्या फळीवरचे गठ्ठे खाली घ्यायला लावले. दुकानदाराला वाटलं, साहेबांना तो माल बघायचा आहे. त्यानं बारा गठ्ठे उतरवले. मेश्रामजी म्हणाले, "अब ठीक है," आणि साडी खालच्या फळीवरची घेतली. त्यानंतर वहिनी साड्यांना एकट्या जात.

एकदा आमच्या सगळ्या कर्मचाऱ्यांची सहल भेडाघाटला गेली. नावेत बसायच्या वेळी मेश्रामजींनी नाववाल्याला विचारलं, "कितनों के लिए है?"

"जितने बैठ जाएँ, बाबूजी."

मेश्रामजींनी मान हलवली आणि काठावर बसून आमच्या सगळ्यांच्या चपला सांभाळल्या. आम्ही संगमरवरी कडे बघून परत आलो तेव्हा चपला जोडीजोडीनं, मापानुसार लावलेल्या होत्या. मला ते फार आवडलं. कडे चांगलेच होते.

त्यांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक वजन ठेवलेलं असे. स्टीलचं, चपटं, वेडंवाकडं. एखादी जाड ताटली कोणीतरी दुमडून ठोकल्यासारखं. ते काय आहे हे मी कितीतरी दिवस विचारलं नाही.

पहिल्या शेडचे रॅक बसवायचे ठरलं तेव्हा तीन कंत्राटदार पुढे आले. मी तक्ता केला. अकरा रकाने: फर्मची नोंदणी, किती वर्षं काम करतात, रॅक बनवणाऱ्या कंपनीचं अधिकारपत्र, मजुरांचा विमा, काम करणारे लोक स्वतःचे की रोजंदारीवर उचललेले, किती दिवस लागतील, हमी, बसवल्यानंतरची तपासणी, आणि असंच पुढे. मेश्रामजींनी तो दोनदा वाचला.

"चांगला आहे, ताई. हे सगळं मागवाच. ज्याच्यापाशी हे नाही त्याच्यापाशी वेळ नका घालवू." मग माझंच पेन घेऊन त्यांनी शेवटी एक रकाना आखला आणि त्यात लिहिलं: चहा.

"हे काहून?" मी विचारलं.

"बाकीचं सगळं कागदावर भेटते. कागद तं तेव्हा माझ्यापाशीही होता."

तेव्हा म्हणजे कधी, ते त्यांनी सांगितलं नाही. पेन परत दिलं.

पहिले कंत्राटदार चकचकीत फोल्डर घेऊन आले. त्यांचे अकराही रकाने भरले. दुसरा शेठजींच्या साडूंचा माणूस. तो जागेवरच लोखंडी पट्ट्या कापून, वेल्डिंग करून रॅक तयार करणार होता. त्याचे चार रकाने रिकामे राहिले. "काग़ज़ का क्या है दीदी, बन जाएगा," असं तो म्हणाला. मी ते शेऱ्याच्या रकान्यात अवतरणचिन्हांत लिहून ठेवलं. तिसरे ढोके. सकाळच्या बसनं नागपूरहून आले, कोणी बसा म्हणण्याआधी गोदामात शिरले आणि विचारलं, "फरशी किती जाड आहे?"

कोणालाच माहीत नव्हतं. शेठजी म्हणाले, "बढ़िया है, मज़बूत है."

ढोक्यांनी डायरीत लिहिलं: फरशी, माहीत नाही. खांब फरशीला बोल्टनं जखडायचे, तर फरशी किती धरेल हे आधी कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं. मेश्रामजींनी त्याच दुपारी एका कोपऱ्यात भोक पाडून जाडी मोजली. पाडलेल्या भोकातली भुकटी त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून मला फाईलला लावायला दिली. ती अजून फाईलला आहे.

मग चहाचा रकाना. मेश्रामजींनी तिघांनाही एकच सांगितलं: तुमचं सगळ्यात जुनं काम दाखवा. "नवं काम सगळ्यांचंच उभं असते, ताई," असं ते मला म्हणाले. थर्मास त्यांचा, वर्तमानपत्र माझं. ज्या रॅकवर भरपूर माल आहे त्याच्या खाली वर्तमानपत्र पसरायचं, आणि ज्यानं तो रॅक बसवला त्याला चहाला बसवायचं.

फोल्डरवाल्यांनी आम्हाला एका औषधांच्या गोदामात नेलं. मेश्रामजी म्हणाले, "बैठिए, चाय पी लेते हैं." गृहस्थ लगेच मांडी घालून बसले. कानाला फोन होता. फोनवर बोलत बोलत पूर्ण कप संपवला, वर आणखी अर्धा मागितला. मी खूण केली.

बाहेर आल्यावर मेश्रामजी म्हणाले, "कापा."

"काहून? बसले की."

"बसले. वर पाहिलं नाही."

मी खूण खोडली. माझ्या तक्त्यात खाडाखोड झालेली ती पहिलीच.

साडूंच्या माणसाचं जुनं काम एका किराणा गोदामात होतं. साखरेची पोती छतापर्यंत. वर्तमानपत्र पसरल्यावर तो दोन पावलं मागे सरला.

"मैं चाय नहीं पीता."

"पानी मँगा लें?" मेश्रामजींनी विचारलं.

"पानी भी नहीं."

"बैठ तो जाइए."

"घुटने में दर्द है, साहब."

मेश्रामजींनी वर्तमानपत्राची घडी केली. बाहेर पडताना तो माणूस दाराशी उभ्या असलेल्या ट्रकच्या मागच्या फळीवर एका उडीत चढला आणि पलीकडे उतरला. त्याचा रस्ता तिकडून जवळचा होता.

ढोक्यांचं जुनं काम टायरच्या गोदामात निघालं, तेही जबलपुरातच. मेश्रामजी वर्तमानपत्र उलगडू लागले तेवढ्यात ढोके म्हणाले, "इथे नका बसू."

त्यांनी आधी वर पाहिलं होतं, मग खाली. गुडघ्यावर बसून त्यांनी एका खांबाच्या बुडाशी हात फिरवला. माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट गाडीचा धक्का लागून खांब बोटभर आत गेला होता. त्यांनी गोदामवाल्याला बोलावून सांगितलं, या रांगेवरचा माल आत्ता उतरवा.

"इतने साल से खड़ा है, भाई," गोदामवाला म्हणाला. "बाद में उतार लेंगे."

"मी थांबतो," ढोके मराठीतच म्हणाले. त्याला शब्द कळले नसतील, पण ते बाही वर करून स्वतःच टायर खाली घ्यायला लागले तेव्हा अर्थ कळला. दीड तास लागला. मेश्रामजींनीही टायर उतरवले. मी संख्या लिहून घेतली, ती कोणाला लागली नाही. मग पलीकडच्या धड रांगेखाली वर्तमानपत्र पसरलं. ढोक्यांनी वर एक नजर टाकली, खाली एक टाकली आणि बसले. थर्मासमधला चहा कोमट झाला होता. दोघांनी तो तसाच प्याला.

"हा," मेश्रामजी बाहेर येऊन म्हणाले.

शेठजींना ते पटलं नाही. साडूंना शब्द दिला होता. त्यांनी मेश्रामजींना केबिनमध्ये बोलावलं, मीही फाईल घेऊन गेले.

"मेश्रामजी, आप बस साइन कर दीजिएगा. बाक़ी मैं सँभाल लूँगा."

"कर दूँगा, शेठजी. चाय पर आप आ जाइएगा."

"कौन सी चाय?"

"रैक खड़ा हो जाए, माल चढ़ जाए, तब नीचे बैठकर. साइन मैं करूँगा, चाय आप पीजिएगा. शकुनबाई तो वहाँ रोज़ बैठेंगी, उनको पूछने की ज़रूरत नहीं."

केबिनच्या काचेतून जुनं गोदाम दिसायचं. शकुनबाई आपल्या स्टुलावर बसून खोक्यांवरचे नंबर जुळवत होत्या. शेठजींनी तिकडे बराच वेळ पाहिलं. नंतर म्हणाले, "ढोके को बुला लीजिए."

साडू दोन दिवाळ्या शेठजींकडे फिरकले नाहीत. हे शेठजी अधूनमधून सांगतात, आणि सांगताना दुःखी दिसत नाहीत.

रॅक उभे झाले. प्रत्येक खांबाला मेश्रामजींनी ओळंबा लावला, प्रत्येक बोल्ट ढोक्यांच्या माणसाकडून स्वतःसमोर आवळून घेतला. माल चढल्यावर चौथ्या रांगेखाली बसून त्यांनी वर पाहिलं, चहा प्याले, आणि गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. माझं पेन परत दिलं. तेव्हा मी विचारलं, चहाच का?

त्यांनी अहवाल वाचावा तसं सांगितलं. आधीच्या नोकरीत त्यांनी असेच रॅक ताब्यात घेतले होते. कागद सगळे पूर्ण. सही टेबलावर बसून केली. चौथ्या महिन्यात, दुपारी, एक रांग खाली आली. तिथं माल निवडणारी एक बाई रोज जेवायला बसत असे.

"त्या दिवशी ती चहा आणाले उठली होती," मेश्रामजी म्हणाले. "डबा तिथंच राहिला."

मी पेनाला टोपण लावलं.

"वापस द्याले गेलो तिच्या घरी. ती म्हणे, साहेब, याच्यात आता काय मावते."

त्यांच्या टेबलावरचं वजन ताटलीचं नव्हतं. मी कार्यालयात परतल्यावर तो डबा कागदांवरून उचलला, पुसला आणि होता तिथे ठेवला. त्याहून वेगळं काय करावं ते सुचलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी शाल आणि श्रीफळ झालं. दोन शब्द बोला म्हटल्यावर मेश्रामजी उभे राहिले आणि म्हणाले, "छह नंबर लाइन के बोल्ट हर छह महीने में देख लेना." बसले. टाळ्या झाल्या. शकुनबाईंनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर तो चपटा डबा होता, आणि शेजारी एक पेन. त्यांच्याकडे माझं एक पेन राहिलं होतं, हे माझ्याही लक्षात नव्हतं.

ते मुलीकडे नागपूरला राहायला गेले. मी स्टेशनवर पोचवायला गेले होते. डब्यात शिरल्यावर त्यांनी सामान ठेवण्याआधी वर पाहिलं. वरच्या बर्थवर एक जाडजूड गृहस्थ झोपले होते. मेश्रामजींनी बर्थची एक साखळी ओढून पाहिली, मग दुसरी. गृहस्थ जागे झाले.

"क्या हुआ, भाईसाहब?"

"कुछ नहीं. आप सोइए."

मग त्यांनी वहिनींना समोरच्या खिडकीपाशी बसवलं आणि त्या बर्थखाली स्वतः बसले. गाडी हलली तेव्हा ते माझ्याकडे बघून हात हलवत नव्हते. वर बघत होते.

तर आजची बैठक. माझी नऊ कलमं झाली: फरशी, ओळंबा, बोल्ट, प्रत्येक रांगेवर किती वजन चालेल त्याच्या पाट्या, खांबांच्या बुडाशी धक्का अडवणारे लोखंडी आडोसे, पिनांपर्यंत बाकीची सगळी. दहावं कलम: चहा.

मी वर्तमानपत्र काढलं. शेठजींनी घड्याळ पाहिलं.

"मैडम, यह वाला तो मेश्रामजी का था."

"साइन मेरा है, शेठजी."

शकुनबाईंनी आपलं स्टूल आधीच तिसऱ्या रांगेखाली आणून ठेवलं होतं. स्टुलावर त्यांचा डबा होता. नवी जागा पसंत पडली होती. मी त्या स्टुलाशेजारीच वर्तमानपत्र पसरलं आणि वर पाहिलं. खरं सांगायचं तर मला काही दिसेल असं वाटलं नव्हतं. सगळं मोजून झालं होतं, माझ्याच हातानं खुणा झाल्या होत्या.

दुसऱ्या आडव्या बीमच्या डाव्या टोकाला एक भोक रिकामं होतं. बीम खांबात अडकतो तिथे एक छोटी पिन लागते. फोर्कलिफ्टचा खालून धक्का लागला तरी बीम उचकटू नये, यासाठी. करंगळीएवढी असते. बाकी सगळीकडे होती. तिथे नव्हती.

"ढोके," मी बोट दाखवलं.

ढोक्यांनी पाहिलं. शिडी लावून वर गेले, हातानं चाचपलं, खाली आले. "माझं राहिलं," म्हणाले. बाकी काही नाही. त्यांच्याजवळची पिनांची पिशवी संपली होती. त्या मापाच्या पिना नागपूरहून येणार, बुधवारी.

"एक पिन के लिए बुधवार तक?" शेठजी म्हणाले. "शनिवार को ट्रक हैं, मैडम. साइन कर दीजिए, पिन लग जाएगी."

"आप यहाँ चाय पर बैठेंगे?"

शेठजींनी वर पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच. मग शकुनबाईंच्या डब्याकडे पाहिलं. "बुधवार ठीक है," म्हणाले.

शकुनबाईंनी कोणाला न विचारता डबा काखेत घेतला, स्टूल उचललं आणि बाहेर जाऊन दारापाशी बसल्या. त्या रांगेवरचा माल ढोक्यांनी दुपारपर्यंत उतरवून घेतला.

संध्याकाळी मी नागपूरला फोन लावला. मेश्रामजींनी तब्येत विचारली नाही, शेठजी कसे आहेत विचारलं नाही.

"चहा झाला?"

"नाही."

"काहून?"

"तीन नंबरात एक पिन नव्हती."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ती संपेपर्यंत ते थांबले.

"कोणाले दिसलं?"

"मला."

"अच्छा," मेश्रामजी म्हणाले. "मंग ठीक आहे."

ताबापत्र माझ्या टेबलावर आहे, सहीची जागा कोरी. उडू नये म्हणून वर डबा ठेवला आहे. कलम एक ते आठ: पूर्ण. कलम नऊ, पिना: एक बाकी. कलम दहा, चहा: बाकी.